पाठीवरून उतरल्यावर

कॅमेऱ्याच्या बॅगांचे व्हिडिओ बघायला बसलं की त्यात बॅग कायम कुणाच्या तरी पाठीवर असते. मागे डोंगर, नाहीतर स्वच्छ रिकामा रस्ता, नाहीतर असं एखादं विमानतळ जिथं कुणालाच घाई नाही. तो माणूस चालता चालता एका खांद्यावरून बॅग पुढे फिरवतो, बाजूची चेन उघडतो, कॅमेरा काढतो, फोटो घेतो. मग कंबरपट्टा, पाठीची जाळी आणि खांद्यांची गादी यांवर बराच वेळ बोलतो.

मी डोंबिवलीत राहते आणि सुट्टी मिळेल तशी फोटो काढत फिरते. पक्षी, जत्रा, घाट, पावसातली गावं, समोर येईल ते. या फिरण्यात बॅग पाठीवर असते तो वेळ सगळ्यात कमी. एरवी ती छातीवर असते, मांडीवर असते, लोकलच्या रॅकवर आडवी पडलेली असते, एसटीत दोन पायांच्या मध्ये उभी असते, गाडीच्या बर्थखाली ढकललेली असते, जिप्सीच्या सीटवर उसळत असते, नाहीतर विमानतळावरच्या ट्रेमधून माझ्याआधी पलीकडे गेलेली असते. म्हणून कुणी मला विचारलं, की कॅमेरा, लेन्सा, लॅपटॉप आणि त्यांच्या सगळ्या वायरी मावतील अशी कुठली बॅग घेऊ, तर मी आधी उलटं विचारते: ती पाठीवरून उतरवल्यावर कुठं ठेवणार आहेस?

बॅगा पाठीसाठीच का बनतात, हे त्यांचं कुळ पाहिलं की कळतं. लोप्रो या कॅमेरा-बॅगांच्या कंपनीची सुरुवात ग्रेग लो या अमेरिकन गिर्यारोहकानं केली, १९६७ साली, कोलोरॅडोत. तो डोंगर चढायचा आणि फोटोही काढायचा. हात मोकळे हवेत, ओझं पाठीला चिकटून हवं, आणि पडलो-घसरलो तरी काच फुटायला नको, या त्याच्या गरजा. आजच्या बहुतेक कॅमेरा-सॅक याच वाटेनं आल्यात. दुसरं घराणं अगदी वेगळं. इंग्लंडमधली बिलिंगहॅम ही कंपनी १९७३ पासून मासेमारीच्या पिशव्या शिवायची, आणि काही वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की न्यूयॉर्कमध्ये त्या पिशव्या फोटोग्राफर विकत घेतायत. त्याच दशकात फिलाडेल्फियात जिम डोमके या वृत्तपत्र-छायाचित्रकारानं स्वतःसाठी कॅनव्हासची एक मऊ, खांद्यावरची बॅग तयार केली, आणि तीही पुढे जगभर गेली. गळ टाकून बसलेला माणूस पिशवी काठावर ठेवतो आणि न बघता वरून हात घालतो. बातमीच्या मागे धावणाऱ्याचंही तसंच. या दुसऱ्या घराण्यातली बॅग खाली ठेवण्यासाठीच जन्मलेली असते. पण खांद्याला एका बाजूनं ओढ बसते, लॅपटॉप नीट मावत नाही, आणि चाळिशीनंतर मान कुरकुरते. त्यामुळे आपण सगळे शेवटी डोंगरवाल्याच्या घराण्यातली सॅक घेतो आणि ती लोकलमध्ये घेऊन चढतो.

लोकलमध्ये पहिली कसोटी जाडीची. किती लिटरची बॅग, हे सगळे सांगतात. भरल्यावर ती किती फुगते, ते कुणी सांगत नाही. लेन्सा उभ्या ठेवायच्या रचनेची सॅक भरली की पाठीपासून चांगली फूटभर बाहेर येते. तेवढी जाडी छातीवर घेऊन सकाळच्या गाडीत उभं राहायचं म्हणजे समोरच्या बाईच्या मानेवर माझी सत्तर-दोनशे, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लांबट लेन्स टेकते. लेडीज डब्यात यावर फार सभ्यपणे बोललं जात नाही. ‘अगं ए, ते काय घेतलंयस एवढं? वर टाक ना ती बॅग!’ आणि उत्तर द्यायच्या आत चार हात पुढे येतात, बॅग हवेतून जाते आणि रॅकवर पडते. तिच्यावर भाजीची पिशवी, तिच्यावर कुणाचा डबा. यात कुणाचा वाईट हेतू नसतो, उलट मदतच असते. पण बॅग कुठल्या बाजूवर पडेल हे आपल्या हातात नसतं. बऱ्याच बॅगांना पाठीकडून आणि तळाला भरपूर फोम असतो, आणि पुढचा फुगीर खिसा मात्र नुसत्या कापडाचा. नेमक्या त्याच बाजूला आपण हार्ड डिस्क ठेवतो. दुकानात बॅग हातात घेतली की मी सहाही बाजू अंगठ्यानं दाबून पाहते. जिथं अंगठा पलीकडे लागतो, तिथं काच आणि डिस्क ठेवायची नाही.

दुसरी गोष्ट लोंबणाऱ्या बंदांची. डोंगरात कंबरपट्ट्यासारखं सुख नाही. ओझं खांद्यांवरून उतरून कमरेच्या हाडावर बसतं आणि माणूस दोन तास जास्त चालतो. पण गर्दीच्या डब्यात तोच पट्टा शेजारणीच्या ओढणीत अडकतो, पर्सच्या साखळीत अडकतो, आणि ठाण्याला उतरताना आपण पुढे, पट्टा मागे. त्यामुळे जो पट्टा काढून ठेवता येतो किंवा पाठीच्या गादीमागे सरकवता येतो, तोच घ्यावा. खांद्याचे पट्टेसुद्धा आत दडवता येणाऱ्या बॅगा हल्ली मिळतात. एसटीच्या रॅकवर किंवा बर्थखाली ढकलताना त्यांचं खरं मोल कळतं.

चेन एका हातानं उघडली पाहिजे. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण याच मुद्द्यावर मी चांगल्या नावाजलेल्या बॅगा परत ठेवल्यात. पाणी शिरू नये म्हणून वरून प्लॅस्टिकचा थर दिलेल्या चेन दिसायला देखण्या असतात, आणि नव्या असताना इतक्या कडक की एका हातानं कापड धरून दुसऱ्यानं ओढावी लागते. चालत्या गाडीत दुसरा हात कडीला असतो. घाटात तो रेलिंगला असतो. जत्रेत त्या हातात कुणाचं तरी पोर असतं. दोन हात मोकळे असलेला प्रवासी मला तरी फक्त त्या व्हिडिओंत भेटतो.

आता बॅग उघडते कुठून, हा प्रश्न. यावर भांडणं होतात, आणि व्हावीत. पुढून उघडणारी बॅग सोपी, सगळं एका नजरेत दिसतं. पण ती पाठीवर असताना मागच्या माणसालाही सोपी, आणि जमिनीवर आडवी करून वापरायची म्हणजे पाठीची बाजू चिखलात. मग तीच चिखलाची बाजू आपण पुन्हा पाठीला लावतो. पाठीच्या बाजूनं उघडणारी बॅग याच्या उलट. तोंडावर पालथी घालायची, चिखल बाहेरच्या बाजूला लागतो, कपडे स्वच्छ राहतात, आणि पाठीवर असताना चोराला चेन सापडतच नाही. छातीवर घेतली की ती चेन आपल्या पोटाशी. प्रवासात झोप लागली तरी जीव शांत. पण तिचा तोटा असा, की कॅमेरा काढायला प्रत्येक वेळी बॅग खाली ठेवावीच लागते, आणि खाली ठेवायला जागा लागते.

वारीत ती जागा नसते. ज्ञानेश्वर माऊलींची पालखी पुण्याहून निघून दिवे घाट चढून सासवडला जाते, त्या दिवशी घाटात पाऊस असेल तर पायाखाली फक्त लाल चिखल आणि पावलं. लोक डोक्यावरून प्लॅस्टिकचे कागद पांघरून चालत असतात, टाळ थांबत नाहीत, आणि आपण बॅग खाली ठेवायला वाकलो तर मागची रांग अंगावर येते. ‘माऊली, पुढे चला, पुढे चला!’ तिथं मोठी सॅक घेऊन गेलेला फोटोग्राफर मी नेहमी पाहते. त्याच्याजवळ सगळं असतं, आणि त्यातलं काहीच त्याला बाहेर काढता येत नाही. दिवसभर गळ्यातल्या एकाच कॅमेऱ्यावर चालतं त्याचं, बाकीच्या लेन्सा नुसत्या पंढरीच्या वाटेनं जाऊन येतात. वारकऱ्यांनी हा प्रश्न आपल्यापुरता केव्हाच सोडवलाय. प्रत्येक दिंडीचा ट्रक असतो. वळकट्या, भांडी, पिशव्या ट्रकनं पुढे मुक्कामाला जातात आणि चालणाऱ्याच्या अंगावर फक्त पताका, टाळ, तुळस. मीही आता तसंच करते. मोठी सॅक ट्रकवर किंवा मुक्कामाच्या घरी, आणि अंगावर आडवी घातलेली लहानशी मऊ पिशवी. तिच्यात एक कॅमेरा, एक जास्तीची लेन्स, दोन बॅटऱ्या आणि प्लॅस्टिकची पिशवी. त्यामुळे मोठी बॅग निवडताना ही लहान पिशवी घडी होऊन तिच्यात मावते का, हेही बघावं लागतं. एकच बॅग सगळीकडे चालेल, हा जाहिरातवाल्यांचा शोध आहे.

माझ्या मोठ्या सॅकला पाठीकडून पूर्ण उघडणारं झाकण आहे आणि एका बाजूला हात जाईल एवढी लहान चेन. ही बाजूची चेन उजव्या हाताची की डाव्या हाताची, तेही बघून घ्यावं. छातीवर घेतली की बाजू उलटी होते. पाठीवर असताना जी उजवीकडे, ती आता डावीकडे. बॅग पुढे घेऊनच बहुतेक वेळ जात असेल, तर कसोटी तशीच उलटी धरावी लागते.

जमिनीचं प्रकरण याहून मोठं. बॅग खाली ठेवली की उभी राहिली पाहिजे. इतकी साधी अपेक्षा, पण तळ गोलसर शिवलेला असतो, पुढचा खिसा भरला की वजन पुढे जातं, आणि बॅग हळूच तोंडावर कलंडते. फलाटावर, तेही पावसाळ्यात, ती कुठं तोंड खुपसते ते सांगायला नको. त्यातून लॅपटॉपचा कप्पा. चांगल्या बॅगेत तो कप्पा तळापर्यंत जात नाही, तळाच्या दोन-तीन बोटं वर शिवलेला असतो, म्हणजे बॅग आपटली तरी लॅपटॉप अधांतरी राहतो. ज्या बॅगेत तो थेट तळापर्यंत जातो, तिच्यात प्रत्येक वेळी बॅग खाली ठेवताना लॅपटॉपचा कोपरा फरशीवर बसतो, मधे फक्त एक शिवण. दुकानात हे पाहायला काही कौशल्य लागत नाही. लॅपटॉपच्या कप्प्यात हात घालायचा, दुसरा हात बाहेरून तळाला लावायचा, आणि दोघांमध्ये किती अंतर आहे ते बघायचं.

कापडाबद्दल मात्र उगाच फार बोललं जातं. कापडाचा जो डेनिअरचा आकडा सांगतात, तो म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं वजन ग्रॅममध्ये. १,००० डेनिअरचा धागा नऊ किलोमीटर उलगडला तर त्याचं वजन एक किलो भरेल. आकडा मोठा म्हणजे धागा जाड, एवढंच त्यातून कळतं. वीण कशी, आतून थर कसला, शिवण किती टाक्यांची, हे त्यातून कळत नाही. रोज फरशीवर घासणारा तळ जाड कापडाचा असावा आणि बाकी अंग हलकं असलं तरी चालतं. सगळी बॅग चिलखती कापडाची घेतली तर त्या कापडाचंच ओझं वाहायचं.

आणि ओझ्याचा हिशोब विमानतळावर होतो. देशातल्या विमानांत इकॉनॉमीच्या प्रवाशाला हातातलं सामान साधारण ७ किलोपर्यंत नेता येतं. फोम, फ्रेम, बकलं मिळून चांगली कॅमेरा-सॅक रिकामीच दोन किलोच्या आसपास असते. मिररलेस कॅमेरा साडेसहाशे-सातशे ग्रॅम, रोजच्या वापराची चोवीस-सत्तर लेन्स तेवढीच, सत्तर-दोनशे एक ते दीड किलो, हलका लॅपटॉप सव्वा किलो. चार्जर, वायरी, पॉवर बँक, हार्ड डिस्क धरली की सातचा काटा गाठला, आणि अजून एक टॉवेलसुद्धा आत गेलेला नाही. म्हणून मी बॅगेचं रिकामं वजन आधी विचारते. दुकानदार बुचकळ्यात पडतो. ‘मॅडम, रेनकव्हर फ्री आहे याच्यावर,’ म्हणतो.

पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या चेक-इनच्या बॅगेत टाकता येत नाहीत, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. लिथियमची बॅटरी पेटली तर माणसांच्या देखत पेटावी, म्हणजे विझवता येते. सामानाच्या पोटात पेटली तर तिथं हात पोचत नाही. मर्यादा १०० वॉट-अवरची असते. त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. हिशोब सोपा आहे. २०,००० मिलिअँपिअरची पॉवर बँक म्हणजे २० अँपिअर-अवर, गुणिले ३.७ व्होल्ट, झाले ७४. चालते. ३०,००० ची १११ वर जाते, ती परवानगीशिवाय आणली की अडली. पॉवर बँकेवर छापलेले आकडे घासून पुसट झाले असतील तर सुरक्षा रक्षक आपल्या तोंडी हिशोबावर विश्वास ठेवत नाही, आणि त्यानं ठेवूही नये.

पण बॅग निवडताना यातून जे निघतं ते वेगळंच. तपासणीला लॅपटॉप बाहेर, पॉवर बँक बाहेर, बरेचदा कॅमेराही बाहेर. मागे रांग. वायरी कॅमेऱ्याच्याच कप्प्यात लेन्सांच्या फटींत कोंबल्या असतील, तर ट्रेमध्ये सगळा संसार मांडावा लागतो. इलेक्ट्रॉनिक्सचं घर कॅमेऱ्याच्या घरापासून वेगळं हवं, आणि त्याचं दार वर हवं. माझ्याकडे वायरी, चार्जर, कार्ड-रीडर, पॉवर बँक यांचा एकच चपटा पाउच आहे, तो सॅकच्या सगळ्यात वरच्या खणात. हाच पाउच आणखी एका वेळी वाचवतो. लहान शहरांना जाणाऱ्या एटीआर या छोट्या, पंख्यांच्या विमानांत डोक्यावरचे कप्पे अगदी अरुंद असतात, आणि शिडीपाशी कधीकधी बॅग मागून घेतात, खाली सामानात टाकायला. त्या क्षणी बॅटऱ्यांचा पाउच एका झटक्यात निघाला पाहिजे, आणि कॅमेऱ्याचा इन्सर्टही.

इन्सर्ट म्हणजे तो फोमचा चौकोनी डबा, आत सरकत्या भिंती असलेला. माझं मत विचाराल तर सगळ्या कॅमेरा-बॅगांत घेण्यासारखी वस्तू हीच. तो वेगळा मिळतो. साध्या ट्रेकिंगच्या किंवा कॉलेजच्या मजबूत सॅकमध्ये तो ठेवला की झाली कॅमेऱ्याची बॅग, खर्च निम्म्याहून कमी. वर, बाहेरून ती कॅमेऱ्याची बॅग दिसत नाही. मोठ्या नावाच्या कंपनीचं बोधचिन्ह मिरवणारी काळी चौकोनी बॅग स्टेशनवर सगळ्यांना ओळखू येते, ज्यांना ओळखू येऊ नये त्यांनाही. रात्रीच्या गाडीत तर इन्सर्टला पर्याय नाही. सॅक बर्थखाली जाते, तिथल्या लोखंडी कडीला साखळी-कुलूप लागतं, आणि डबा वर येतो, डोक्याशी. मी शक्यतो वरचा बर्थ घेते. तिथं डोकं आणि पार्टिशन यांच्या मधल्या जागेत डबा बरोबर बसतो आणि त्याचा पट्टा मनगटात. झोप फार गाढ लागत नाही, पण ती तशीही लागत नाही. साखळीसाठी बॅगेला मजबूत हँडल हवं, आणि ते बाजूलाही हवं. बर्थखालून बॅग ओढायची तर हाताशी येते ती तिची कड. तिथं धरायला काही नसलं की माणूस खांद्याचा पट्टा धरून हिसके देतो, आणि पट्ट्याची शिवण उसवते ती इथेच, डोंगरात नाही.

पावसाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण बॅगा बनवणाऱ्यांना आपला पाऊस माहीत नाही. फुकटचं रेनकव्हर बॅगेच्या पुढच्या बाजूवर चढतं. पाठीची बाजू उघडीच राहते, आणि कोकणातला पाऊस काही सांगून वरून येत नाही. तो आडवा येतो, मानेतून पाठीवर उतरतो, पाठीच्या गादीतून आत झिरपतो, आणि कव्हरच्या तळाशी साचून राहतो. वरून बॅग कोरडी दिसत असते. कव्हरला तळाशी पाणी जायला भोक आहे का ते बघावं. नसलं तर आपण पाडावं. खरा इलाज आतून आहे. कॅमेऱ्याचा डबा आणि लॅपटॉप आतल्या आत एका जलरोधक पिशवीत घालायचे. डोंगरात फिरणारे लोक सॅकच्या आत आधी मोठी प्लॅस्टिकची पिशवी लावतात आणि मग सामान भरतात, ते यासाठीच. सह्याद्रीत चार पावसाळे काढलेल्या कुणालाही विचारा.

पाण्याहून वाईट ती हवा. जुलैत किनारपट्टीवर हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ऐंशी टक्क्यांच्या वर असते. साठ-पासष्टच्या पुढे ती सतत राहिली की लेन्सच्या काचेवर बुरशी धरायला लागते, बारीक जाळ्यासारखी, आणि तिच्यातून सुटणारं आम्ल काचेवरचा थर कायमचा खातं. म्हणून बॅग कितीही महागडी असली तरी ती कॅमेऱ्याचं घर नव्हे. फोम आणि कापड ओल धरून ठेवतात. प्रवासाहून आलं की सगळं बाहेर काढायचं, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवायचं, आणि बॅग पंख्याखाली उघडी. हे मी दुकानदारापेक्षा मोठ्या आवाजात सांगते, कारण ‘बॅगेतच सुरक्षित आहे’ म्हणून वर्षभर न उघडलेल्या लेन्सा मी लोकांच्या कपाटांत पाहिल्यात.

हवा बॅगेलाही खाते. कापडाच्या आतून जो पाणी अडवणारा थर असतो, तो बहुधा पॉलियुरेथेनचा. दमटपणात त्याचं हळूहळू विघटन होतं. माळ्यावर तीन-चार पावसाळे पडून राहिलेली सॅक काढली की आतून चिकट लागते, आंबूस वास येतो, आणि थर पापुद्र्यांनी सुटतो. कोरड्या देशांत जी बॅग वीस वर्षं टिकते म्हणून लिहिलेलं असतं, ती इथं वापरात नसतानाच संपते. वापरात असलेली त्या मानानं जास्त जगते, वारा लागतो म्हणून. तेव्हा आजन्म टिकेल म्हणून दुप्पट पैसे मोजताना हा थर कसला आहे ते विचारावं.

याच बंद बॅगेचा एक उपयोग मात्र मला फार आवडतो. तारकर्लीला किंवा गोव्यात एसीच्या खोलीतून सकाळी कॅमेरा घेऊन बाहेर पडलं की क्षणात काच धुरकट होते. थंड काचेवर बाहेरच्या दमट हवेतलं पाणी धरतं. पुसलं की पुन्हा येतं, आणि समोरचा उजेड निघून जातो. कॅमेरा बॅगेत बंद ठेवून बॅगच बाहेर आणून ठेवली आणि चहा होईपर्यंत, अर्धा-पाऊण तास, तिला हात लावला नाही, तर आतलं सगळं सावकाश बाहेरच्या तापमानाला येतं. फोम इथं कामाला येतो. त्या वेळात बॅग व्हरांड्यात एकटी असते, म्हणजे पुन्हा प्रश्न उभी राहण्याचा आणि चेन कुठल्या बाजूला आहे त्याचा.

ताडोबाचं गणित निराळं. मे महिन्यात तिथं पाऊस नाही, धूळ. उघड्या जिप्सीत बॅग एकतर मांडीवर नाहीतर सीटवर, आणि पुढच्या गाडीचा लाल धुरळा थेट तोंडावर. दोन किलोची मोठी लेन्स कॅमेऱ्याला जोडूनच ठेवावी लागते, वाघ लेन्स बदलेपर्यंत थांबत नाही. म्हणजे तिथं बॅगेचं काम फक्त धूळ अडवणं आणि गचके झेलणं. जुना पंचा किंवा उशीचा अभ्रा वरून टाकला की अर्धं काम होतं. लेन्स टेकवायला बीन बॅग लागते, ती घरून रिकामी न्यायची आणि तिथल्या गावात तांदूळ किंवा राजमा घेऊन भरायची. परतताना ते धान्य कुणालाही देता येतं.

पाठीचा प्रश्न मी दुसऱ्या नंबरावर ठेवला, म्हणून तो लहान नाही. मानेमागचं टोकदार हाड ते कमरेच्या हाडाची वरची कड, हे अंतर मोजून सॅक घ्यायची असते. ट्रेकिंगच्या सॅकना मापं असतात. कॅमेऱ्याच्या बॅगा बहुतेक एकाच मापात येतात, आणि ते माप कुणा उंच पुरुषाचं. माझ्यासारख्या सव्वापाच फुटांच्या बाईला त्यांचा कंबरपट्टा कमरेच्या खाली येतो, मग सगळं वजन पुन्हा खांद्यांवर. छातीचा पट्टाही वरखाली सरकणारा नसेल तर नको तिथं आवळतो. कळसूबाईच्या किंवा रतनगडाच्या लोखंडी शिड्यांवर तर बॅग पाठीला घट्ट हवी आणि रुंद नको. बाजूला बांधलेला ट्रायपॉड शिडीच्या कठड्यात अडकला की माणूस अर्धा फूट मागे ओढला जातो, तेव्हा लिटरचे आकडे आठवत नाहीत. ट्रेकला मी साधी ट्रेकिंग सॅक आणि तिच्यात तोच इन्सर्ट नेते. डोंगरासाठी डोंगरवाल्यांनी मापात शिवलेली बॅग असताना दुसरी कशाला?

बॅग संपते ती बहुधा चेनपाशी. कापड, फोम, पट्टे ठीक असतात आणि रनर सैल होतो. ओढला की पुढे जातो, मागे दात उघडेच. स्टेशनबाहेर बसणारे बॅग दुरुस्तीवाले काका पक्कड घेऊन रनर दोन्ही बाजूंनी हलकेच दाबतात आणि ती पुन्हा चालू करतात. ‘ताई, आता वर्ष काढेल. पुढच्या वेळी रनरच बदलू.’ त्यांच्याकडे बसून मला कळलं की गुंडाळी असलेल्या नायलॉनच्या चेनची एखादी जागा सुटली तरी रनर मागेपुढे केला की ती बरेचदा परत बसते. मोठ्या दातांच्या चेनचा एक दात गेला की ती चेनच जाते. त्यांना विचारलं, कुठली बॅग चांगली? ते म्हणाले, जिचा रनर माझ्याकडे मिळतो ती. आडव्या-उभ्या सगळ्या परीक्षांपेक्षा हा निकष मला जास्त पटलाय. नेहमीच्या मापाची चेन असली की नेहमीचा रनर बसतो. कंपनीनं खास घडवलेल्या देखण्या कुलपांना आणि चुंबकी बकलांना मात्र मुंबईत सुटा भाग मिळत नाही, आणि एक बकल तुटलं की अख्खी बॅग बसून राहते.

मुंबईत फोर्टमध्ये बोरा बझारच्या गल्लीत कॅमेऱ्याची दुकानं रांगेनं आहेत. तिथं जाताना रिकाम्या हातानं जाऊ नये. स्वतःचा कॅमेरा, लॅपटॉप, सगळ्या वायरी घेऊन जावं आणि त्यांच्या बॅगेत भरून बघावं. दुकानात बॅगेत कागदाचे बोळे भरलेले असतात, आणि त्यांच्यामुळे कुठलीही बॅग शहाण्यासारखी उभी राहते. भरून झाल्यावर ती छातीवर घ्यायची, एका हातानं दुकानाच्या दाराचा खांब धरायचा आणि दुसऱ्यानं चेन उघडायची. मग खाली ठेवायची, पालथी घालायची, बाजूच्या हँडलनं काउंटरखालून ओढून पाहायची. दुकानातले दोघे-तिघे हसतात, हसू द्यावं. परदेशी नामांकित बॅगेच्या किमतीत एक बरी जुनी लेन्स येते, तेवढ्या पैशांत हसण्याचा हक्क खरं तर आपला.

पाण्याच्या बाटलीचं मात्र कुणाकडेच उत्तर नाही. बाजूच्या जाळीत ट्रायपॉडचा पाय, दुसऱ्या बाजूला कॅमेऱ्याची चेन, आत ठेवावी तर लॅपटॉप. सध्या ती हुकाला अडकवून बाहेर लोंबते आणि डोंबिवलीच्या पुलावर मागून येणाऱ्याच्या गुडघ्याला लागते.